खोडरबर

एक लांब, तीन आखूड.
पुन्हा एक लांब, तीन आखूड.
ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यात
गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आलं मला,
पत्ता विचारायची गरज उरली नाही.

दारात हरेश्वर वैती.
माझ्या खांद्यामागे बघत म्हणाले, “मिस्तरी कवा येल?”
मी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला.
“आयली,” म्हटलं.
हसले नाहीत. बाजूला झाले.

सोसायटीचं ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली,
कोपऱ्यात निळी नायलॉनची जाळी,
आणि टेबलावर क्रोशाच्या रुमालाखाली
चौदा वर्षांचा डबा.
सोमवारपासून स्क्रीन काळी.
यादी उद्या वाशीला द्यायची: एकशे बेचाळीस होड्या,
पुलाच्या कामात कुणाची किती दिवस जाळी कोरडी राहिली
त्याचा हिशेब.
कागदावर? कागद होता. उधाणात भिजला.

उपाय करून झाले होते.
पुतण्याने दोन थपडा.
वहिनींनी उदबत्ती.
सेक्टर पाचमधल्या पोराने फोनवरच सांगून टाकलं:
फॉरमॅट मार, काका, नव्यासारखा सुरू होईल.
होईल ना.
ज्याच्याजवळ काहीच उरलं नाही
त्याला सुरू व्हायला कितीसा वेळ लागतो.

मी वायर काढली. बटण दाबून धरलं,
उरलासुरला करंट जाऊ दिला.
बाजूचा पत्रा उघडला.
पंख्याला धुळीची लोकर,
पालीची दोन अंडी, रिकामी,
आणि सगळ्याला खाडीची हवा लागलेली.
स्क्रूंच्या डोक्यांवर गंज,
रॅमच्या पट्टीला जिथे सोन्याचे दात असतात
तिथे काळपट साय.

मग मी जे काढलं ते बघून वैती एक पाऊल पुढे आले.
खोडरबर. पाच रुपयांचा, शाळेतला,
एका टोकाला माझ्या भाचीने चावलेला.

“पुसतेस? यादी पुसतेस?”
“नाही हो. यादी खाली, त्या चपट्या डब्यात.
इथे नुसतं चालू बोलणं.
बोलता बोलता माणूस पुढचा शब्द जिभेवर धरतो ना, तेवढंच.”
पटलं की नाही, कळेना.
हात मात्र त्यांचा माझ्या मनगटाजवळच राहिला,
सुटू पाहणाऱ्या दोराजवळ राहतो तसा.

घासलं. एका दिशेने, हलक्या हाताने,
जोडवी उजळावीत तसं, दोन्ही बाजूंनी.
फुंकर घातली नाही, फुंकरीत पाणी असतं.
पट्टी बसवली. टक्.

एक आखूड.
एकच.

मग काळ्यावर पांढरी अक्षरं: तारीख विचारत होता.
आतली बटणाएवढी बॅटरी मेलेली,
म्हणून त्याच्या लेखी आज
एक जानेवारी दोन हजार दहा.
वैतींनी वाचलं, पुन्हा वाचलं.
“तवा,” म्हणाले, “धक्क्यावरच जिताडा मिलायचा. हातभर.”
थोडं थांबून: “घाल आजची.”
मी घातली.

चालू व्हायला अकरा मिनिटं लागली.
मी म्हटलं, वेग वाढवून देते,
याच्याबरोबर निम्म्या गोष्टी उगाच उठतात सकाळी.
ते ऐकत नव्हते.
टेबलावर खोडरबरचा राखाडी चुरा पडला होता,
तो त्यांनी तळहातावर गोळा केला, उजेडाकडे नेला.
“यान कुनाचा नाव गेला नाय ना?”

नाही, म्हटलं.
तरी यादी उघडली, चष्मा लावला,
आणि पहिल्या होडीपासून मोठ्याने वाचू लागले.
दर पानाला मशीन अडायचं.
तेही थांबायचे, बोट स्क्रीनवर तसंच ठेवून.
डाव्या मुठीत चुरा.
मी बॅटरीचे तीस रुपये मागायचे विसरले.